लांजेवार काकांची पळी

लांजेवार काकांच्या बैठकीला मी पहिल्यांदा गेलो, तो पळून जायच्या सगळ्या वाटा आधी पाहून ठेवूनच. बैठक आमच्या मनीषनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी सात वाजता भरायची. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला फाटक आणि मध्ये उन्हाळ्याची वाट पाहत झाकून ठेवलेले आठ कूलर. कूलरच्या मागे माझ्या अंगाचा माणूस बसला तर दिसतो की नाही, हेही मी आदल्या दिवशी बसून पाहिलं होतं. नाही दिसत.

भिण्याचं कारण मी स्वतःच लिहिलं होतं, सोसायटीच्या ग्रुपवर. दुसऱ्या मजल्यावरच्या इंगळेबाई रोज संध्याकाळी फाटकाशी मोकाट कुत्र्यांना पोळ्या घालायच्या आणि पोळ्या खाऊन झाल्या की ती कुत्री माझ्या स्कूटरमागे लागायची. ‘ज्यांना कुत्र्यांचा एवढा कळवळा आहे त्यांनी त्यांच्यातच जाऊन राहावं,’ असं मी मोठ्या बाणेदारपणे लिहिलं, आणि पुढचे दोन दिवस दुसरा मजला उतरताना चपला हातात घेऊन उतरलो. आमचे पूर्वज भोसल्यांच्या पागेत घोडे राखायचे म्हणून आम्ही पागे. ते कधी लढाईत गेले की नाही ठाऊक नाही. माझ्याकडे पाहून, गेले नसावेत.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात लांजेवार काका. काळे, उंच, किंचित वाकलेले, गळ्यात पांढरा दुपट्टा.

“पागेसाहेब, रविवारी खाली येजा. इंगळेबाई बी येऊन राहिल्या.”

“मला जरा ताप आहे, काका.”

“रविवारी?”

“येईल असं वाटतंय.”

“मंग ताप घेऊन या. पोहे खाल्ले का उतरते.”

त्या पोह्यांतच सगळी मेख होती. नागपुरात पोह्यांवर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तो लालभडक रस्सा, पडली नाही तर तो नाश्ता नव्हे, शिक्षा असते. बैठकीत पोहे सगळ्यांना मिळायचे. तर्रीची पळी मात्र तुमच्या विरोधकाच्या हातात. काकांचा नियम एकच होता: “पयले त्याचं सांग, मंग तुयं.” समोरच्याचं म्हणणं तुम्ही आधी त्याच्यासाठी मांडायचं, असं की ऐकून त्यानं म्हणावं, ‘हो, हेच मायं म्हणणं.’ तसं तो म्हणाला की स्वतः उठून तुमच्या पोह्यांवर तर्री घालणार आणि मग तुम्हाला तुमचं बोलायची मुभा. नाही म्हणाला तर कोरडे पोहे खा आणि गप्प बसा. वेगळा विदर्भ, विजेचे नवे मीटर, शाळेतलं इंग्रजी, सगळं याच रस्त्यानं जायचं. सत्तेवाले आणि विरोधवाले, दोन्हीकडचे लोक यायचे. बाहेर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं पळीकडे पाहत तासभर शुद्धीवर असायची.

मी पहिल्या रविवारी उभा राहून म्हणालो, “इंगळेबाईंचं म्हणणं असं, की त्यांना दिवसभर काही काम नसतं.”

कोरडे पोहे. पुढचे दोन रविवारही कोरडेच. घास घशात अडकायचा आणि इंगळेबाई पळी मांडीवर ठेवून माझ्याकडे अशा पाहायच्या, की कुत्री बरी. चौथ्या रविवारच्या आधी मी नाइलाजानं त्यांच्या दाराशी गेलो आणि विचारलं, “बाई, तुमचं नेमकं म्हणणं तरी काय आहे?” तेव्हा कळलं, की खायला घातलेलं कुत्रं हाताशी येतं म्हणून त्याला नसबंदीला नेता येतं, आणि गेल्या वर्षी कुणीतरी पिठाच्या गोळ्यात विष घालून चार कुत्री मारली, तेव्हापासून बाई सोसायटीतल्या प्रत्येक माणसाच्या हाताकडे आधी पाहतात. माझ्याही. मी कुत्र्यांना भीत होतो, त्या मला भीत होत्या. हे मी रविवारी जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी इतकी तर्री ओतली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिखटाचं नाव पुढे केलं.

मत माझं बदललं नाही. कुत्रीही बदलली नाहीत. चपला मात्र पायांत राहिल्या.

काका नोकरीत जमीन मोजायचे. भूकरमापक. मूळचे कुहीजवळच्या एका खेड्यातले, घरी धानाची शेती. निवृत्तीनंतर मुलीसाठी शहरात आले, मुलगी पुण्याला गेली, काका इथेच राहिले. मोजमापाची साखळी सुटली तरी मोजणी सुटली नव्हती. चालताना ओठ हलायचे. लोकांना वाटायचं जप करतात, ते पावलं मोजत. “तुमच्या दारापासून मायं दार बेचाळीस पावलं. भांडन झालं का त्रेपन्न होते. मानूस लांबून जाते.”

नियम कुठून आला, तेही त्यांनीच सांगितलं होतं. नवीन नोकरी, दोन चुलतभावांचा धुऱ्यावरून वाद. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. काका साखळी टाकायला गेले आणि एका भावानं कुऱ्हाड काढली.

“मी साखळी फेकली अन् मोहाच्या झाडामागं. भेलो ना गा! लपूनशानी पाह्यलं, तं कुऱ्हाडवाल्याचे पाय लटलट कापून राह्यले होते. तवा समजलं, मले जितकं भेव, तितकंच त्याले. मंग झाडामागूनच वरडलो, तू त्याच्या वावरात उभा राह्य अन् तिथून मले धुरा दाखव. अन् तू याच्या वावरातून दाखव.”

“आणि भांडण मिटलं?” मी विचारलं.

“छ्या. कोर्टात गेले. पन कुऱ्हाड ठेवून गेले.”

कुणाला वाटेल, काका म्हणजे संतमाणूस. अजिबात नाही. ते तापट होते, हट्टी होते, प्रत्येक गोष्टीवर त्यांचं ठाम मत असायचं आणि बहुतेक वेळा ते माझ्याविरुद्ध असायचं. एकदा मीटरवरून चिडून त्यांनी स्वतःचेच पोहे फेकले. मग स्वतःच उठून फरशी पुसली आणि म्हणाले, “भेव लागलं का मानूस जोरात बोलते. आज मी लय भेलो.”

खरी भीती आली ती रस्त्याबरोबर.

शहराच्या टोकाला हुडकेश्वर, त्याच्या पुढून कुहीकडे जाणारा नवा रुंद रस्ता आखला होता. तो काकांच्या गावातून, काका आणि त्यांचे धाकटे भाऊ महादेवराव यांच्या सामाईक वावराच्या मधोमध जात होता. अर्धं वावर रस्त्याच्या अलीकडे, अर्धं पलीकडे, आणि विहीर बरोबर मध्ये. गावाचा विरोध. काकांचाही. त्यांनी रात्रंदिवस खपून एक नकाशा काढला होता, रस्ता गावाच्या पडीक बाजूनं कसा नेता येईल त्याचा. कुहीला मंगळवारी सरकारी सुनावणी होती आणि गावाच्या वतीनं काका बोलणार होते. हयातभर दुसऱ्यांची जमीन मोजलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीसाठी उभा राहणार होता.

आणि मी? माझा हुडकेश्वरच्या पुढे एक प्लॉट आहे. मला रस्ता हवा होता. आम्हा प्लॉटवाल्यांचा एक ग्रुपही होता. सुनावणीत आमच्याकडून काय बोलायचं ते त्यात कुणालाच सुचत नव्हतं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी काका बैठकीत म्हणाले, “आज रोड घेऊ. पयले मी पागेसाहेबांचं सांगतो. पागेसाहेब मायं पुढच्या रविवारी सांगतीन.”

बैठकीत फोन रिकाम्या परातीत टाकायचा दंडक होता. मी परातीत टाकला तो कधीचा बंद पडलेला जुना फोन. चालू फोन खिशात. मुद्दे आयते मिळताहेत तर लिहून कशाला घ्या, एवढाच माझा विचार. खोटं कशाला बोलू, त्या लबाडीची थोडी मजाही वाटत होती. तो गुपचूप काढून मांडीवर टेकवून चाचपडत चित्रणाचं बटण दाबेपर्यंत काकांचं ‘मी पागेसाहेबांचं सांगतो’ बोलून झालं होतं. फोनमध्ये आलं ते त्याच्या पुढचं.

काका म्हणाले, “पाऊस आला का आपला रस्ता तुटते. दवाखान्यात न्याचा मानूस वाटेतच राह्यते. आपल्या वावरासाठी आपन किती मानसं वाटेत ठेवाची? दुसऱ्याचं काहून सांगू, मायीच वहिनी पाह्या. धान लावताना साप चावला. चिखलात बैलबंडीनं, मंग जीपनं. नागपूर आलं तवा ती नोयती.” त्यांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. “रोड असता तं मायी वहिनी आज जिती असती.”

वहिनी म्हणजे महादेवरावांची बायको. माझी बाजू इतकी खरी असेल, हे मलाच माहीत नव्हतं. मी उठून त्यांना तर्री घातली. निम्मी त्यांच्या धोतरावर सांडली.

घरी येऊन मी ते चित्रण प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली एकच शब्द लिहिला: ‘ऐका!’

आमच्या त्या ग्रुपमध्ये काकांच्या गावचा एक प्लॉटविक्या होता. दुपारी जेवून मी लवंडलो तेव्हा ते गावात पोचलं होतं. चारच्या सुमारास फोन पाहिला, तर तेच चित्रण तीन वेगळ्या ग्रुपांवरून फिरून माझ्याकडेच परत आलेलं. आता खाली एक शब्द नव्हता, दोन ओळी होत्या: ‘लांजेवार विकला गेला. भावाच्या बायकोचं मरण विकलं.’

मी घाईघाईनं ते चित्रण उघडलं. काढून टाकायला गेलो, तर ते माझ्यापुरतं निघालं. बाकीच्यांकडे होतं तिथेच राहिलं. खिडकीतून काकांचा फोन वाजताना ऐकू येत होता. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “जा आणि सांगा त्यांना.” मी म्हणालो, “उद्या सांगतो.” आयुष्यातले माझे सगळे पराक्रम उद्याच व्हायचे आहेत.

सोमवारी सकाळी दहाला फाटकात एक टेम्पो थांबला. मी गॅलरीतून पाहिलं. दहा-बारा माणसं उतरली. टेम्पोत मागे कुदळी आणि फावडी. मी न्हाणीघरात गेलो आणि कडी लावली. कुदळीचा घाव कसा बसत असेल याचा मी विचार करत होतो तोच बायकोनं दार ठोठावलं.

“अहो, काका एकटे खाली गेले आहेत.”

एवढंच म्हणाली. दुसरं काही म्हणाली असती तर मी वाद घातला असता.

मी खाली गेलो. जिन्याचा कठडा धरून गेलो, हे कुणी विचारणार नाही तरी सांगतो. काका कूलरांपुढे उभे होते. समोर महादेवराव. तोच चेहरा, दहा वर्षांनी तरुण, पायांना वाळलेला चिखल. माणसं थेट वावरातूनच आली होती, म्हणून कुदळी. पण हे मला नंतर सुचलं. महादेवरावांच्या हातात फोन होता आणि त्यातून काकांचाच आवाज येत होता: ‘रोड असता तं मायी वहिनी…’

“कोनाचा आवाज हाय हा?” महादेवराव म्हणाले.

“मायाच,” काका म्हणाले.

मला वाटलं, आता ते सांगतील. त्या चित्रात खालच्या कोपऱ्यात एक गुडघा दिसत होता, चौकड्यांच्या पायजम्यातला. आमच्या सोसायटीत पायजम्यावर बैठकीला येणारा मूर्ख एकच. काकांना गुडघा ओळखता आला नसेल हे शक्य नव्हतं. बांधावरचा दगड चार बोटं सरकला तरी ओळखणारा माणूस. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे पाय तेवढे धोतराच्या आत हलत होते, लटलट.

मी बोललो. म्हणजे तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाजच आला नाही. दुसऱ्यांदा आला तो कुणा भलत्याचा. “ते मी घेतलं. ते काकांचं म्हणणं नाही, माझं आहे. ते माझं म्हणणं मांडत होते. आधीचं वाक्य कापलं गेलं. चूक माझी आहे.” आणि बैठक, पळी, पोहे, परातीतला जुना फोन, सगळं ओकून टाकलं. गावची माणसं माझ्याकडे पाहत राहिली. एक जण शेजारच्याला म्हणाला, “पोह्यासाठी करून राह्यले का बे हे?”

महादेवराव हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“दादा, रेकॉर्डिंग यानं केलं, मानलं. पन शब्द तुये हाय. मनात नसलं तं इतकं चांगलं सांगता येते का?”

आता नाही म्हणा, काका, मी मनात म्हणत होतो. एक ‘नाही’ म्हणा आणि सुटा. काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

“अर्धं मनात हाय, महादेव,” ते म्हणाले. “तेच भेव हाय मले. वहिनी गेली तवापासून हाय. रोड नोको म्हनतो तवा बी हाय. वावर जाऊ नये म्हनून मी नकाशा काढला, अन् रोड व्हावा म्हनून बी त्यातच रस्ता काढला. दोन्ही खरं हाय. तुले सांगाची हिंमत नोयती. परक्याचं म्हनून सांगितलं.”

वरून कुठल्या तरी घरातला कुकर शिट्टी देत होता. महादेवरावांनी फोन खिशात घातला. “उद्या तू बोलाचं नाही,” ते म्हणाले. “गाव ऐकनार नाही तुयं. मी बोलतो. नकाशा दे.”

काकांनी वर जाऊन नकाशा आणून दिला. टेम्पो गेला. काका माझ्याकडे वळले, तेव्हा मी कूलरच्या दिशेनं एक पाऊल मागे सरकलोच.

“पायजमा बदला, पागेसाहेब,” ते म्हणाले. “उद्या सकाळी निघू. मले एकट्याले भेव लागते.”

कुहीच्या मंगल कार्यालयात सुनावणी होती. दारात पोलीस, आत लाल खुर्च्या, एका बाजूला गाववाले, दुसऱ्या बाजूला आम्ही प्लॉटवाले. काका आणि मी शेवटच्या रांगेत, कुठल्याच बाजूला नाही. गाववाले मागे वळून काकांकडे पाहायचे आणि कुजबुजायचे. काकांनी माझा हात धरला होता. त्यांचा हात थंड होता, माझा घामेजलेला. कोण कुणाला धीर देत होतं, देव जाणे.

महादेवराव माइकपुढे आले. पहिलं वाक्य ओरडलेच: “जमीन देनार नाही!” गावानं टाळ्या वाजवल्या. मग ते थांबले. कागद हातात नव्हता. मान खाली घालून एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, “पयले रोडवाल्याईचं सांगतो.”

गावाकडून “ए, महादेव!” असा आवाज आला. काकांची बोटं माझ्या हातात रुतली.

“पाऊस आला का आपला रस्ता तुटते,” महादेवराव म्हणाले. “दवाखान्यात न्याचा मानूस वाटेतच राह्यते. आपल्या वावरासाठी आपन किती मानसं वाटेत ठेवाची?” शब्दाला शब्द तेच होतं. दोन दिवस तो माणूस ते चित्रण पुन्हा पुन्हा ऐकत राहिला असणार, रागानं, इतकं की पाठ झालं. पुढचं वाक्य मला माहीत होतं आणि ते येऊ नये असं वाटत होतं. महादेवरावांनी माइकची दांडी धरली. “रोड असता,” ते म्हणाले आणि अडले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. “रोड असता तं मायी बायको आज जिती असती. हे रोडवाल्याईचं खरं हाय. आता मायं सांगतो.”

आणि त्यांनी नकाशा उलगडला. साहेबांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारून त्याला जागा केली.

निकाल त्या दिवशी लागला नाही. अजूनही लागलेला नाही.

बाहेर रस्त्यावर पोह्यांची गाडी होती. गाववाले, प्लॉटवाले, पोलीस, सगळे तिथेच, कारण गाडी एकच होती. काकांनी प्लेट घेतली आणि कोरडे पोहे हातात धरून उभे राहिले. तर्री मागितली नाही. महादेवराव गर्दीतून आले, गाडीवाल्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि एक शब्द न बोलता भावाच्या पोह्यांवर तर्री घातली. मग पुन्हा एकदा घातली.

माझीही प्लेट पुढे होती. मी ती जरा आणखी पुढे केली.

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि पळी परत भांड्यात ठेवून दिली.

काका सोमवारच्या त्याच टेम्पोतून भावाबरोबर गावी गेले. चार दिवस राहून येतो म्हणाले. तिथेच उन्हात एका दुपारी वावरातून आले, पाणी मागितलं आणि कायमचे गेले. तेव्हा मला ते काहीच ठाऊक नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला कोरडे पोहे चावत उभा होतो. टेम्पोच्या खिडकीतून काकांनी डोकं बाहेर काढलं, ओठांवर तर्रीचा लाल डाग.

“पागेसाहेब,” ते ओरडले, “मायं सांगाचं राह्यलं तुमचं! रविवारी!”